कंकणालाही आरसा हवा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडीतली, बंगळुरूतली कितीतरी मुले लॅपटॉप घेऊन नांदेड-लातूरला आपापल्या घरी आली. वडिलांच्या औषधाची वेळ आणि अमेरिकेतल्या ग्राहकाशी रात्रीचे बोलणे एकाच छताखाली जमू लागले. घरोघरच्या म्हाताऱ्यांना वाटले, आता मुलगा परत जायचा नाही. ते दिवस सरले. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले, ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून. गावीच राहायचे, तर घरून करता येईल अशी दुसरी नोकरी शोधणे आले.

"पंधरा वर्षांचा अनुभव आहे, मग घोडे अडते कुठे?" लातूरच्या एका वडिलांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे.

पुण्यातल्या जागेसाठी बहुधा पुण्यात राहू शकणारेच अर्ज करतात. घरून करायच्या जागेसाठी साऱ्या देशातून अर्ज येतात. त्या ढिगाची पहिली चाळणी पुष्कळदा संगणकच लावतो आणि जाहिरातीतले शब्द अर्जात शोधतो. ज्याने दहा वर्षे एखाद्या बँकेची जुनी यंत्रणा बंद पडू दिली नाही, त्याच्या अर्जात नव्या शब्दांची झगमग नसते. त्याने लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा, तो बाहेर दाखवता येत नाही. विशीतला मुलगा मात्र हौसेने केलेले काम गिटहबवर मांडून मोकळा होतो. शिवाय अनुभवी माणसाचा पगार मोठा आणि नोटीस अनेकदा तीन महिन्यांची. घाईतला मालक थांबत नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. अनुभवी माणसाचे निम्मे काम कोडमध्ये नसतेच. नवख्याची चूक वेळीच ओळखणे, 'हे करू नका' असे ग्राहकाला पटवणे, मध्यरात्री बिघाडाचे मूळ शोधणे, हे शेजारी बसणाऱ्याला दिसते. म्हणूनच जुन्या सहकाऱ्याच्या एका शब्दावर नोकऱ्या मिळत आल्या. दूरच्या अनोळखी माणसापाशी तो शब्द पोचत नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. पण पाहणारा शेकडो कोसांवर असेल, तर आरसा लागतोच.

हा आरसा लेखनाचा. 'लातूर पॅटर्न'ने आपल्या मुलांना प्रश्नपत्रिका सोडवण्यात तरबेज केले. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून अभियंते घडत आहेत. पण आपण केलेल्या कामाची हकिगत चार परिच्छेदांत सांगण्याची सवय आपल्याकडे कुणाला नाही. अडचण काय होती, कोणते मार्ग होते, हाच का निवडला, काय चुकले, हे कंपनीचे गुपित न फोडताही लिहिता येते. घरून चालणारा बराचसा कारभार लेखी असतो, तेव्हा जाणता मालक ते आवर्जून वाचतो.

मालकांनीही तासाभराचे कोडे घालून माणूस जोखू नये. मोबदला देऊन चार दिवसांचे खरे काम द्यावे आणि मग ठरवावे.

आणि घरच्यांनी एक ध्यानात ठेवावे. नकार आला म्हणजे मुलाची विद्या आटली, असे नव्हे. त्या वडिलांनाही मी हेच सांगितले. ते हसून म्हणाले, "बारावीला बसवला होता, तसा पुन्हा बसवतो त्याला लिहायला!"