रक्ताला नव्हे, व्यवस्थेला जाब विचारा!

ऑगस्ट-सप्टेंबर २०२४. झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरती. पुरुष उमेदवारांनी १० किलोमीटर ६० मिनिटांत धावायचे. किमान ११ तरुण मेले. मग चर्चा कशाची झाली? कुणी उत्तेजक द्रव्यांचा संशय घेतला, कुणी करोना लशीचा. म्हणजे दोष मेलेल्याच्या शरीराचा. ज्यांनी धावायला लावले ते नामानिराळे!

हा प्रश्न आपला आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे हायवेवर धावणारी पोरंपोरी आपल्याच वस्त्यांमधली आहेत. आणि विदर्भात आपल्या समाजात, आदिवासींमध्ये सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. 'एएस पॅटर्न' निघाला की लोक लगेच म्हणतात, "तुझ्या रक्तातच दोष, धावायचं सोड." (एसएस म्हणजे आजार, एएस म्हणजे फक्त वाहक. त्याची गोष्ट वेगळी.)

विज्ञान काय सांगते ते बघा. १९८७ साली अमेरिकी सैन्यातील नवभरतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिकलसेल वाहक कृष्णवर्णीय जवानांच्या आकस्मिक मृत्यूचा धोका, वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांपेक्षा सुमारे २८ पट आढळला. निष्कर्ष सोपा वाटला : रक्तच वाईट!

पण पुढे सैन्याने सर्वच जवानांसाठी नियम केले : उन्हाची हळूहळू सवय, ठरलेली विश्रांती, पुरेसे पाणी. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला. वाहकांचा मृत्युदर इतरांपेक्षा जास्त आढळलाच नाही! अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र ५४ टक्के जास्त होता; तंबाखूमुळे वाढतो जवळपास तेवढाच. म्हणून एएसवाल्यांनी काळजी घ्यायचीच. पण ज्या मृत्यूंचे खापर रक्तावर फोडले जात होते, ते नियम बदलल्यावर थांबवता आले.

उष्माघाताचेही तसेच. अमेरिकेतील फालमाउथ रोड रेसमध्ये १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ धावपटू जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवून गार केले गेले. २७४ पैकी २७४ वाचले. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या, एवढाच नियम. त्यासाठी लागते काय? एक टब, पाणी, बर्फ. आपल्या किती भरती मैदानांवर हे असते?

शरीरावरून माणसाची लायकी ठरवण्याचा खेळ आपल्याला नवा नाही. 'लढवय्या जाती'च्या सिद्धांताने इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा रक्त बदलले नव्हते. दार उघडले होते.

आज 'मेरिट'चे घड्याळ सर्वांसाठी सारखे असते. पण एकाकडे कोच, खुराक, चांगले बूट. दुसरा रात्रपाळी करून, उपाशीपोटी, डांबरावर धावतो. त्याची नडगी मोडली तर म्हणायचे, दम नव्हता!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. चाचणी सकाळच्या गारव्यात घ्या. वेळापत्रक आधी जाहीर करा, म्हणजे उन्हाची सवय करायला दोन आठवडे मिळतील. मैदानावर डॉक्टर आणि बर्फाचा टब ठेवा. सिकलसेलची तपासणी काळजीसाठी करा, वगळण्यासाठी नाही.

आणि मित्रांनो, तोवर आपणही शिकू. एकदम अंतर वाढवू नका. गरगरले, स्नायू गळाले तर थांबा. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. चळवळीला हुतात्मे नकोत, वर्दीतली माणसे हवीत.

जय भीम!