कल्हई, कवच आणि कोरलेले नाव

वाचकहो, घरातील वस्तूंमागचे शास्त्र सांगणाऱ्या या सदरात यंदा आपण बहरीन बेटाकडे वळू. तांबे आणि अॅल्युमिनियम या दोन्ही धातूंशी त्या चिमुकल्या देशाचा निकटचा संबंध आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, दिलमुन या नावाने तो ओळखला जात असताना, मगानचे म्हणजे आजच्या ओमानचे तांबे तेथील बाजारातून मेसोपोटेमियातील ऊर नगरीस जात असे. इ. स. पू. १७५० च्या सुमाराची एक मृत्तिकापट्टिका ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दिलमुनशी व्यापार करणाऱ्या एआ-नासिराने हिणकस तांबे दिले, अशी नन्नी नामक गिऱ्हाइकाची तक्रार तीत कोरलेली आहे. अर्वाचीन काळी, १९६८ साली तेथे ‘अल्बा’ ही अॅल्युमिनियम कंपनी स्थापन झाली, १९७१ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि आज तिची वार्षिक क्षमता पंधरा लाख टनांहून अधिक आहे.

बहरीनच्या चहूबाजूंस समुद्र असल्याने तेथील हवा दमट आणि खारी. आपल्या मॉरिशसच्या किनाऱ्यावरही हीच अवस्था. अशा हवेत धातू टिकवायचा कसा, हा प्रश्न कारखान्यापुरता नाही, तो देवघराचाही आहे.

अॅल्युमिनियमला हवा लागताच त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कवच तयार होते आणि तेच आतील धातूचे रक्षण करते. परंतु मिठातील क्लोराइड हे कवच ठिकठिकाणी भेदते व तेथे बारीक खड्डे पडतात. म्हणून हे उपजत कवच जाड करण्याची युक्ती निघाली. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगफ व स्टुअर्ट यांनी समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांसाठी ही रीत सिद्ध केली. तिला अॅनोडायझिंग म्हणतात. सामान्यतः वस्तू धनाग्रास जोडून सौम्य गंधकाम्लात बुडवितात व विद्युत्‌प्रवाह सोडतात. पाच ते पंचवीस मायक्रॉन जाडीचे कवच धातूतूनच उगवते. त्यात सूक्ष्म रंध्रे राहतात, ती जवळजवळ उकळत्या पाण्यात बुजवावी लागतात. ही शेवटची पायरी टाळली, तर सारी मेहनत वाया जाते.

तांब्याची गोष्ट निराळी. त्याच्यावरही थर बसतो, पण आंबट पदार्थापुढे त्याचा निभाव लागत नाही. ताक वा चिंचेचे सार उघड्या तांब्यात ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजीबाईंना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. भांडे तापवून नवसागर टाकायचा, म्हणजे पृष्ठ निर्मळ होते. मग २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आत फिरवायचे. कथील शुद्धच हवे. त्यात शिसे मिसळलेले असेल, तर औषधाऐवजी विष पोटात जाईल. कारखान्यांतही हीच विद्या चालते. तांबे व अॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांस चिकटले, तर अॅल्युमिनियम झिजू लागते. म्हणून विजेच्या तारांच्या जोडावरील तांब्याच्या टोकांना कथिलाचा मुलामा देतात.

आता मुख्य मुद्दा. १८३४ पासून गिरमिटावर ऊसमळ्यांत राबायला आलेल्यांत आपले कोकणी, देशावरचे पूर्वजही होते. एखाद्या घरात त्यांच्या काळचा तांब्या, ताम्हन वा पंचपात्री अजून असेल. भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरून घेण्याची आपली जुनी चाल. असे नाव, कदाचित गावाच्या नावासह, त्या भांड्यावर असेल, तर ते त्या घराचा दस्तऐवजच होय. पण आपण दर सणाला ते चिंच आणि राख लावून घासतो. आम्ल वरचा थर विरघळविते, राख धातू खरवडते, आणि दरवर्षी अक्षरे थोडी पुसट होतात. भक्तीने केलेली ही झळाळी आजोबांचे नाव पुसून टाकते!

यास्तव विनंती अशी. नित्यपूजेची भांडी खुशाल उजळावीत. परंतु कोरीव नावाचे जुने भांडे निराळे काढावे. प्रथम त्यावर कागद धरून पेन्सिलीने नावाचा ठसा घ्यावा, छायाचित्र काढावे. मग ते मऊ कोरड्या फडक्याने पुसून कोरड्या कपाटात ठेवावे. तपकिरी वा काळसर छटा आली तर भिऊ नये. ती निरुपद्रवी आहे. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर तो मिठाचा प्रताप होय. घासून तो थांबत नाही. वस्तुसंग्रहालयांत १९६७ पासून यासाठी बेंझोट्रायझोल नावाचे द्रव्य वापरात आले. ते आरोग्यास अपायकारक असल्याने तज्ज्ञाच्याच हाती सोपवावे.

भांडे लखलखीत दिसले नाही तरी चालेल. त्यावरील नाव नातवंडांना वाचता आले पाहिजे.