लढाई जिंकली, रंग खपला

मॅजेंटा या रंगाला लढाईचं नाव कसं मिळालं, हे सांगताना लोक हमखास तिखटमीठ लावतात. म्हणे रणांगणावर इतकं रक्त सांडलं की माती त्या रंगाची झाली. गोष्ट झकास आहे, पण तारखा तिच्या बाजूने साक्ष देत नाहीत. लढाई झाली ४ जून १८५९ रोजी, आणि रंगाचं पेटंट एप्रिलमध्येच घेऊन झालं होतं. शिवाय रक्त वाळलं की तपकिरी पडतं, हे भाजी चिरताना बोट कापलेल्या कुणालाही विचारा.

रंग जन्मला फ्रान्समधल्या ल्यों शहरात. हे रेशमाचं गाव, त्यामुळे रंगाऱ्यांची तिथे चलती. त्याआधी तीनच वर्षं, लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला क्विनाइन बनवायला जाताना जांभळा मॉव्ह सापडला होता. डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलीनमध्ये असली माया आहे म्हटल्यावर युरोपभरचे रसायनवाले त्यात हाताला लागेल ते घालून बघू लागले. ल्योंच्या फ्रांस्वा-एमान्युएल व्हेर्गांने कथिलाचं क्लोराइड घातलं आणि बाजी मारली. त्याची कृती घेतली रनार बंधूंच्या कारखान्याने, आणि रंगाचं नाव ठेवलं फुक्सिन. फुक्सिया फुलावरून, असं सरळ उत्तर आहे. पण फ्रेंचमध्ये ‘रनार’ म्हणजे कोल्हा आणि जर्मनमध्ये कोल्ह्याला म्हणतात ‘फुक्स’. मालकांनी फुलाच्या आडून आपलंच नाव डब्यावर चढवलं, असंही म्हणतात. मला ही शंका पटते. व्यापारी माणूस फुलावर उगाच भाळत नाही.

या फुक्सिनचे कोरडे खडे चक्क हिरवे दिसतात, भुंग्याच्या पाठीसारखे चकाकणारे. पाण्यात पडले की मात्र आपल्या साडीच्या दुकानात ज्याला ‘राणी कलर’ म्हणतात तो भडक रंग भसाभस सुटतो. रेशमावर आणि लोकरीवर तो लगेच चढतो. सुताला आधी टॅनिनचा हात द्यावा लागतो. उन्हात फार टिकत नाही, पण त्या काळच्या घेरदार झग्यांच्या फॅशनला टिकाऊपणाशी काय देणंघेणं?

आता लढाई. मॅजेंटा (इटालियन लोक मजेंता म्हणतात) हे मिलानच्या पश्चिमेला तिचिनो नदीजवळचं गाव. तिसरा नेपोलियन आणि त्याचा दोस्त सार्डिनिया एका बाजूला, ऑस्ट्रिया दुसऱ्या. दोन्हीकडचे मिळून सुमारे दोन हजार सैनिक ठार झाले, मिलानची वाट मोकळी झाली. सेनापती मॅकमहोनला ‘ड्यूक ऑफ मॅजेंटा’ हा किताब मिळाला. पुढे १८७३ मध्ये हाच गृहस्थ फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. विजयाचं नाव असं सगळ्यांच्या तोंडी झालं, आणि बाजाराने ते उचललं. लंडनची सिम्पसन, मॉल अँड निकल्सन ही कंपनी हाच रंग ‘रोझीन’ म्हणून विकत होती. १८६० मध्ये तिने त्याचं ‘मॅजेंटा’ करून टाकलं. ब्रिटन या युद्धात उतरलंही नव्हतं, तरी नाव जोरात चाललं. १८५९च्या त्याच जूनमधल्या सोल्फेरिनोच्या लढाईचंही नाव अशाच एका गुलाबी छटेला चिकटलं. ज्या सोल्फेरिनोचे जखमी पाहून आंरी द्यूनांला रेड क्रॉसची कल्पना सुचली, तेच हे. आपण पानिपत बोलण्यात ठेवलं ते धूळधाणीसाठी; त्या नावाची साडी काढायचं आपल्याकडे कुणाला सुचलं नाही, हे बरंच झालं.

खरी लढाई पुढे कोर्टात जुंपली. फ्रेंच न्यायालयांनी रनारांचा हक्क रंग बनवण्याच्या कृतीपुरता न ठेवता थेट रंगावरच मान्य केला. म्हणजे दुसऱ्याने कितीही चांगली रीत काढली तरी दार बंद. मग अनेक रसायनवाल्यांनी गाशा गुंडाळून स्वित्झर्लंड गाठलं, कारण तिथे पेटंटचा कायदाच नव्हता. बाझेल शहरातल्या आजच्या बड्या औषध कंपन्यांची मुळं या रंगाच्या धंद्यात आहेत. त्या मुळांना विषही पुरेसं मिळालं. मॅजेंटा स्वस्तात बनवायची नवी रीत आर्सेनिक ॲसिडची, म्हणजे सोमलाच्याच घराण्यातली. बाझेलमध्ये एका कारखान्याचं सांडपाणी विहिरींत उतरलं, शेजारची माणसं आजारी पडली, आणि मालकाला भरपाई मोजावी लागली.

कपड्यांतून हा मूळ रंग मागे पडला, प्रयोगशाळेतून नाही. १८८२ मध्ये जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि लगोलग झील व नीलसन यांनी याच फुक्सिनने तो रंगवण्याची रीत बसवली. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यातही ती अनेक वर्षं चालत आली आहे. थुंकीच्या स्लाइडवर कार्बोल फुक्सिन, म्हणजे फिनॉल मिसळलेलं फुक्सिन, ओतायचं, खालून ज्योत द्यायची, वाफ दिसू लागली की थांबायचं. उकळी येऊ द्यायची नाही. मग ॲसिडने धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, क्षयाचा जंतू मात्र सोडत नाही. वरून निळा रंग दिला की निळ्यावर लाल काड्या दिसतात, त्या मोजायच्या, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि पेशंटला सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करायच्या.