चाक मोठें, पण गाडी किती उंच?

मोरगांव हें माझें आजोळ. कऱ्हेच्या कांठीं वसलेल्या या गांवाचें नांव मयूरेश्वराच्या मंदिरामुळें सर्वदूर पोंचलें आहे. मंदिरासमोर एक भव्य पाषाणी नंदी बसला आहे. गणपतीपुढें नंदी कसा, असा प्रश्न परगांवच्या यात्रेकरूंस नेहमीं पडतो. त्यावर कांहीं जुनीं माणसें एक आख्यायिका सांगतात कीं, हा नंदी एका शिवालयाकडे नेला जात असतां येथें गाड्याचें चाक मोडलें, आणि नंदी जो येथें बसला तो कायमचाच. कथा खरी असो वा नसो, तींतील एक गोष्ट मात्र अनुभवाची आहे. गाडी केवढीही मोठी असो, तिचें भवितव्य तिच्या चाकाच्या हातीं असतें. प्रस्तुत लेखाचा विषयही चाकच आहे. पण तें नंदीच्या गाड्याचें नसून आजच्या मोटारीचें आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत मी आजोळीं गेलों होतों. माझ्या मामांची एक लहान मोटार आहे. घरीं येतांना वाटेंत एक गतिरोधक लागतो, त्यावर तिचें पोट हमखास घांसत असे. घरचीं पांच माणसें आणि मागें बाजरीचीं दोन पोतीं घेऊन ती आली म्हणजे तो खरखराट ऐकून मामींच्या अंगावर कांटा उभा राही. शेवटीं मामा एके दिवशीं गाडी घेऊन गेले आणि चारही चाकें मोठीं बसवून आले. “आतां पाहा, गाडी कशी ऐटींत उंच झाली आहे!” असें ते म्हणाले. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांची सारी उमेद बैलगाडी हांकण्यांत गेलेली. ते शांतपणें म्हणाले, “उंच झाली म्हणतोस, पण मोजलीस का?”

जुन्या मापाचें एक जादा चाक मागें ठेवलेलें होतेंच. तें बाहेर काढून आम्हीं नव्याशेजारीं उभें केलें व फीत लावली. जुन्याचा व्यास सुमारें ६२० मिलिमीटर भरला, नव्याचा सुमारें ६४८. “पाहा, अठ्ठावीस मिलिमीटर!” मामा आनंदानें म्हणाले. आजोबा हंसले. “अरे, आस चाकाच्या मध्यावर असतो. वाढलेलें निम्में वर गेलें, निम्में खालीं राहिलें. खालचें तेवढेंच तुझें.” म्हणजे एवढा खर्च करून गाडी उंचावली ती अवघी १४ मिलिमीटर; एक बोटही नव्हे!

वाचकांपैकीं अनेकांची समजूत मामांसारखीच असेल, म्हणून हा हिशेब थोडा उलगडून सांगतों. टायरच्या अंगावर त्याचें माप लिहिलेलेंच असतें. जुन्या टायरवर ‘१६५/८० आर १४’ असें होतें. पैकीं १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. ८० म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ८०, अर्थात १३२ मिलिमीटर. आणि १४ हा आंतील धातूच्या चाकाचा व्यास इंचांत. तो झाला ३५५.६ मिलिमीटर. त्यांत कडेची उंची दोनदां मिळवावी, वरची एक व खालची एक, म्हणजे ६१९.६ येतात. नवें माप ‘२०५/६५ आर १५’ होतें. त्याचा व्यास याच रीतीनें ६४७.५ येतो. याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, मामांनीं ‘१८५/६५ आर १५’ हें माप घेतलें असतें, तर धातूचें चाक इंचानें वाढूनही एकूण व्यास ६२१.५ च झाला असता, आणि गाडी जेमतेम एक मिलिमीटर वर आली असती. धातूचें चाक वाढलें, पण रबराची कड तेवढीच घटली. तात्पर्य, आंतील चाक मोठें झालें म्हणजे गाडी उंच झाली हा दृष्टिभ्रम होय. उंची ठरते ती बाहेरच्या व्यासानें, आणि तीही निम्म्यानेंच.

मग आम्हीं दुसरी मोजणी केली. रिकाम्या गाडीचें पोट जमिनीपासून किती वर आहे तें पाहिलें, आणि नंतर पांच माणसें व दोन पोतीं चढवून पुन्हां पाहिलें. गाडी चांगली तीन बोटें खालीं बसली होती! चाकानें एक बोटही दिलें नव्हतें, आणि ओझ्यानें तीन बोटें हिरावून नेलीं होतीं. त्यांतून टायरांत हवा कमी असली तर तेंही पसरून आणखी कांहीं उंची घेऊन जातें.

या शास्त्राची जाण आमच्या पूर्वजांस नव्हती असें नाहीं. जुन्या बैलगाडीचें लांकडी चाक माणसाच्या छातीस लागेल एवढें मोठें असे. मोरगांवच्या बाजूचा मुलूख जिरायती. वाटा दगडगोट्यांच्या, चाकोऱ्या खोल. तेथें आस उंच हवा आणि दगडावर सहज चढणारें चाकही मोठें हवें. उलट नीरेच्या डाव्या कालव्याखालीं उंसाचें पीक आलें, पक्के रस्ते झाले, आणि माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांकडे ऊंस वाहावयास रबरी टायरांच्या गाड्या आल्या. त्यांचीं चाकें लहान, साटा ठेंगणा. ठेंगणेपणामुळेंच त्यांवर उंसाचा उंच ढीग रचतां येतो व तो कलत नाहीं. कोणती गाडी श्रेष्ठ? ज्या वाटेस व ज्या ओझ्यास जी योग्य ती श्रेष्ठ. केवळ उंची हा गुणही नव्हे व दोषही नव्हे.

जीपसारख्या वाहनांचा न्याय आणखी निराळा. अशा पुष्कळ वाहनांचा मागचा आस अखंड असून त्याच्या मध्यावर दंतचक्रांची पेटी असते. तीच जमिनीस सर्वांत जवळ. स्प्रिंगा वाढविल्यानें वरचा सांगाडा उंचावेल, पण ती पेटी तसूभरही वर जाणार नाहीं. तिला उचलावयास मोठें चाकच पाहिजे. म्हणून रानावनांतून जाणाऱ्या वाहनांस मोठीं चाकें असतात तीं सकारण असतात. परंतु त्यांचें अनुकरण लहान मोटारीनें करणें म्हणजे उंटाची झूल शेळीवर घालण्यासारखें आहे.

कारण वाढलेल्या चाकाची किंमत दुकानांतच संपत नाहीं. मामांच्या गाडीचें सुकाणूं पूर्ण वळविलें कीं टायर आंतल्या पत्र्यास घांसूं लागलें. चाक एका फेऱ्यांत पूर्वींपेक्षां शेंकडा साडेचार अधिक वाट कापूं लागलें, पण वेगदर्शक कांट्यास तें ठाऊक नाहीं. तो ८० दाखवितो तेव्हां गाडी साडेत्र्यांशींवर धांवत असते. दिवे घाटासारख्या चढावर इंजिनास ओढ अधिक पडते, आणि मोठें व जड चाक थांबविण्यास ब्रेकासही अधिक जोर लागतो. उंची थोडी, व्याज मात्र जन्माचें!

येथवर हिशेब गाडीच्या मालकाचा झाला. परंतु माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. गांवच्या रस्त्यावर गतिरोधक असतो तो कोणाच्या हौसेसाठीं नव्हे. भाद्रपदांत व माघांत चतुर्थीच्या सुमारास, तसेंच सुटीच्या प्रत्येक दिवशीं अष्टविनायकाच्या यात्रेकरूंच्या मोटारी येथें रांगेनें येतात; गळिताच्या हंगामांत तालुक्याच्या रस्त्यांवर उंसाच्या गाड्या रात्रंदिवस चालतात; आणि त्याच रस्त्यांनीं मुलें शाळेस जातात. त्यांच्या जिवासाठीं गतिरोधक असतो. इंडियन रोड्स काँग्रेसनें त्याचें माप सांगून ठेवलें आहे: उंची १० सेंटिमीटर आणि रस्त्याच्या दिशेनें रुंदी ३.७ मीटर. असा सौम्य उंचवटा मंद गतीनें येणाऱ्यास बाधत नाहीं. परंतु मोटारी थांबेनात म्हणून लोक आडवा, अरुंद, उंच बांध घालतात. त्यावर पोट घांसतें म्हणून मोटारवाले चाकें वाढवितात. उंच मोटार बांधास जुमानीत नाहीं म्हणून बांध आणखी उंच होतो. या चढाओढींत जिंकतो कोण? आणि हरतो कोण? हरतो तो, ज्यास आपलें चाक वाढवितां येत नाहीं. सायकलवरचा विद्यार्थी, तीन चाकी रिक्षांतून दवाखान्यांत निघालेली गरोदर स्त्री, रुग्णवाहिकेंत आडवा पडलेला मनुष्य, जुंवाखालीं मान दिलेला बैल. लहान चाकास लहान उंचवटाही डोंगर असतो, हें मोठ्या चाकावर बसणारास कळत नाहीं.

कायद्याचेंही याविषयीं म्हणणें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, कारखानदारानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें वाहनांत करूं नये. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच निर्वाळा दिला. म्हणून चाक बदलणेंच असेल, तर कारखानदारानें त्या वाहनास नेमून दिलेल्या मापांबाहेर जाऊं नये, हें उत्तम.

माझें नम्र मत असें आहे कीं, गाडी उंच करण्यापूर्वीं चार गोष्टी कराव्या: ओझें कमी करावें, हवा मोजून भरावी, थकलेल्या स्प्रिंगा बदलाव्या, आणि चाल मंद ठेवावी. गांवानेंही आपला गतिरोधक शास्त्रोक्त मापाचा असावा यासाठीं आग्रह धरावा. कारण मापाबाहेरचा बांध हा मापाबाहेरच्या चाकाचा सख्खा भाऊ आहे.

असो. मामांनीं आठ दिवसांतच जुनीं चाकें पुन्हां चढविलीं. वाटेंतला तो गतिरोधक अजून तेवढाच उंच आहे. पण बाजरीचीं पोतीं आतां निराळ्या खेपेस येतात, आणि त्या जागीं गाडी पायीं चालणाराच्या चालीनें येते. खरखराट बंद झाला आहे. परवां गाडी तशी हळूहळू येत असतां शाळेंतून परतणारीं दोन मुलें समोरून रस्ता ओलांडून गेलीं. मामांनीं गाडी थांबविली. मुलांनीं मागें वळूनही पाहिलें नाहीं. त्यांस पाहावें लागलें नाहीं, हेंच गतिरोधकाचें खरें सार्थक होय.