आकाश दाखवणारी माणसे

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. चंद्र तब्बल ८२ मिनिटे पृथ्वीच्या दाट छायेत होता. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी आलेल्या या ग्रहणाआधी वाहिन्यांवर राशीवार फले, वेधकाळ आणि गर्भवतींनी पाळायच्या नियमांची रेलचेल होती. आणि त्याच वेळी हौशी खगोल मंडळांचे कार्यकर्ते दुर्बिणी पुसत होते, गच्चीची किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी करत होते. पहिल्या गटाला जाहिराती मिळतात, दुसऱ्याला बहुधा पदरमोड करावी लागते. तरीही गेल्या चार दशकांत आपल्या समाजाची नजर थोडीफार वर वळली असेल, तर त्यात या दुसऱ्या गटाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

१६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण आठवून पाहा. खग्रासचा पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला होता. मुंबईत ग्रहण खंडग्रास होते, पण भर दुपारी रस्ते ओस पडले. दूरदर्शनने चित्रपट दाखवून लोकांना घरात बसवले. मी तेव्हा विशीत होतो. आमच्या चाळीत खिडक्यांना चादरी लावून माणसे बसली होती. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत पुन्हा खग्रास सूर्यग्रहण आले आणि महाराष्ट्रातली माणसे ते पाहायला घर सोडून उत्तर भारतात गेली. शाळांतली मुले काळे चष्मे लावून खंडग्रास ग्रहण पाहत होती. अर्थात समाज काही एका रात्रीत बदलत नाही. त्याच वर्षी, जेमतेम महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला गणपतीला दूध पाजायला देशभर रांगा लागल्या होत्या. तरीसुद्धा १९८० आणि १९९५ मध्ये फरक पडला, हे नाकारता येत नाही.

मधल्या काळात काय घडले? १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू येऊन गेला. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करत होतीच. हॅलेच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले आणि वांगणीच्या माळावरच्या रात्री मुंबईकरांच्या ओळखीच्या झाल्या. विज्ञान परिषद, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते, उत्साही शिक्षक यांचीही साथ होती. भाषणाने न हलणारा माणूस दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिल्यावर हलतो, हे या मंडळींनी ओळखले.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी अशाच एका छोट्या मंडळाचे हिशेब पाहू लागलो, म्हणून हे काम जवळून दिसते. आकाशदर्शनाची रात्र म्हणजे फक्त तारे नव्हेत. आधी अमावास्येच्या आसपासचा शनिवार शोधायचा, गावातल्या शाळेचे पटांगण मागायचे, सरपंचांना सांगून ठेवायचे, शेवटच्या लोकलने येणाऱ्यांची वाट पाहायची. सतरंज्या, पाणी, मध्यरात्रीचा चहा, टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन कागद. मुलीला रात्रभर पाठवायची तर सोबत बायका कोण आहेत, असे आया विचारतात आणि ते रास्तच असते. त्यासाठी मंडळातल्या दोन शिक्षिका सगळी रात्र जागतात. पहाटे डोकी मोजून घेतल्याशिवाय कोणी डोळा मिटत नाही.

आणि मग ती रांग. दुर्बिणीपाशी उभा असलेला मुलगा दिवसा कुठेतरी नोकरी करतो. तो दीडशेव्या माणसालाही पहिल्याच उत्साहाने शनी दाखवतो. २०२५ मध्ये तर शनीची कडी आपल्याला कडेने, रेघेसारखी दिसत होती. “चित्रातल्यासारखी का नाहीत?” या प्रश्नाला त्याने रात्रभर न कंटाळता उत्तर दिले. रांग ओसरल्यावर तोच खुर्च्या उचलतो. त्याच्या या तासांची किंमत कोणत्या खात्यात मांडायची, हे मला खजिनदार म्हणून अजून उमगलेले नाही.

हौस म्हणजे फावल्या वेळचा खेळ, असे समजणाऱ्यांनी राधागोविंद चंद्र यांचे नाव लक्षात ठेवावे. हे बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखणारे कारकून. मॅट्रिकही झालेले नव्हते. तेजस्विता कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून अधिक नोंदी त्यांनी अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संस्थेकडे पाठवल्या. त्या संस्थेने १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण त्यांना पाठवून दिली. दिवसा खजिना, रात्री तारे. आमच्या पेशातल्या माणसाला याहून मोठा पूर्वज कुठला?

पण आता खुद्द आकाशच हातातून निसटू लागले आहे. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात याच्या एक्कावन्न हजारांवर नोंदी केल्या. त्यावरचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. रात्रीचे आकाश दरसाल सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे, असा त्याचा निष्कर्ष. बँकेतल्या माणसाला चक्रवाढ समजावून सांगावी लागत नाही. बहात्तरला ९.६ ने भागा : साडेसात वर्षांत दुप्पट. जिथे मूल जन्मले तेव्हा अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा शंभरच उरतील. पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांच्या निळसर उजेडाची नोंद उपग्रह नीट घेत नाहीत. ती हौशी डोळ्यांनी घेतली, हे विशेष.

उजेड कोणाला नको आहे? अंधाऱ्या गल्लीतून घरी येणाऱ्या बाईला दिवा हवाच. पण तो रस्त्यावर पडावा, ढगांवर नव्हे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पात हे करून दाखवले आहे. शेजारच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांची तोंडे खाली वळवली आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. गावे अंधारात बुडाली नाहीत.

म्हणून खगोल मंडळांचे पुढचे काम पटांगणावर जितके, तितकेच नगरपालिकेच्या पायऱ्यांवर आहे. दिव्यांचे टेंडर निघताना त्यात झाकण असलेला, पिवळसर, खाली तोंड केलेला दिवा लिहिला जावा, यासाठी निवेदने द्यायला आणि हेलपाटे घालायला माणसे लागतील. ते काम मुलांपेक्षा आम्हा पेन्शनरांना चांगले जमेल. कार्यालयांत थांबायची आम्हाला सवय आहे आणि वेळही आहे.

वाचकांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरचा आभाळात उजेड फेकणारा दिवा खाली वळवावा. आणि पाऊस सरल्यावर घरातल्या मुलांना घेऊन एकदा जवळच्या मंडळाच्या आकाशदर्शनाला जावे. परतताना सतरंज्या गोळा करायला हात लावलात, तर तुम्हीही कार्यकर्ते झालात असे समजा.