स्मार्ट माग, पण कुणाला विचारून?

'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात पुढे आला. यंत्राला सेन्सर लावायचा, यंत्रे इंटरनेटने जोडायची आणि कारखान्याची खबर मोबाइलवर पाहायची, अशी ही कल्पना. आपल्याकडे केंद्र सरकारची 'समर्थ उद्योग' योजना याच वाटेवर आहे. उद्या भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमागही या जाळ्यात येतील. त्याला माझा विरोध नाही. पण ही उपकरणे तयार करताना मागवाल्याला कुणी विचारणार आहे का?

भिवंडी-मालेगावात मोमीन-अन्सारी विणकरांच्या कित्येक पिढ्या या धंद्यात गेल्या. इथला कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो आणि मजुरी मीटरवर घेतो. कारखान्यात इतका खडखडाट असतो, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तिथे भोंगा वाजवणारे उपकरण काय कामाचे? दिवा हवा. कापसाची तूस सेन्सरवर बसणार, वीज जाणार, पडद्यावरची इंग्रजी वाचता येणार नाही. या गोष्टी वातानुकूलित खोलीत सुचत नाहीत; त्या कामगाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतात.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा हिशेबाचा. माग थांबला एवढे सेन्सर सांगेल. पण धागा तुटला, सूत आले नाही की वीज गेली, हे त्याला कोण शिकवणार? कारण नोंदवले नाही तर सगळा खोळंबा कामगाराच्या माथी बसेल. छोटा मालकही बहुधा व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. त्याच्या मागांची माहिती व्यापाऱ्याच्या हाती गेली, तर भाव ठरवताना ती त्याच्याच विरुद्ध वापरली जाईल.

विचारून केलेले काम टिकते, याचा दाखला मागाच्याच इतिहासात आहे. जपानच्या साकिची टोयोडांनी आपले माग प्रत्यक्ष विणकामात चालवून तपासले, सुधारले. धागा तुटताच आपोआप थांबणारा त्यांचा १९२४ चा 'टाइप जी' माग जगभर गाजला. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. दोष दिसताच यंत्र थांबवायचे, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्याचा पाया झाले.

ग्राहकाला बाहेर ठेवले की काय होते, ते अमेरिकेत दिसले. जॉन डिअरचे संगणकीकृत ट्रॅक्टर बिघडले, की दुरुस्तीचे पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत विक्रेत्यांकडे. शेतकरी वर्षानुवर्षे भांडले. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला शेतकरी संघटनेशी समझोता करावा लागला. तरीही जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर खटला भरला. यंत्र आपले, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

म्हणून मागमालकांच्या संघटनांनी खरेदीआधीच तीन अटी घालाव्यात. नमुना आमच्या कारखान्यात, आमच्या कामगारांसमोर तपासला जावा. माहितीची मालकी आमची राहावी. दुरुस्ती गल्लीतल्या मिस्त्रीला करता यावी. आणि या चर्चेत कामगारांचे प्रतिनिधी असावेत; कारण पैसे मालक मोजत असला, तरी ते उपकरण रोज वापरणार आहे तो कामगारच.