दाढेतले औषध धुऊन काढायला वेळ लागतोच

मी दातांचा डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात मधुमेहाची ओपीडी पाहतो. पण गोळ्या वाढवूनही साखर आटोक्यात येत नसेल, तर मी रुग्णाला तोंड उघडायला सांगतो. बऱ्याचदा अर्धवट सोडलेले रूट कॅनॉल सापडते. ‘दुखायचं थांबलं, मग गेलो नाही,’ हे उत्तर आता मला पाठ झाले आहे.

दुखणे थांबते ते आतली सडलेली नस काढल्यामुळे. त्यानंतर मुळाच्या पोकळीत बहुधा जे पांढरे औषध भरतात, ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाला लावतात तो चुना रसायन म्हणून हाच. (घरी प्रयोग करू नका!) त्याचा पीएच १२.५ च्या आसपास. एवढ्या क्षारात बहुतेक जंतू टिकत नाहीत. मात्र हे औषध तात्पुरते असते. कायमचे भरण करण्यापूर्वी ते पूर्ण निघायला हवे. भिंतीवर थर राहिला तर सीलर नीट चिकटत नाही, फट राहते आणि जंतूंना पुन्हा वाट मिळते.

ते काढणे मात्र चिकाटीचे काम आहे. दाढेचे मूळ म्हणजे सरळ नळी नव्हे. ते वाकडे असते, आत चपटे कोपरे असतात, दोन नलिकांना जोडणाऱ्या बारीक भेगा असतात. टोकाजवळचा भाग सर्वांत अवघड. नुसत्या सुईने द्रव सोडून तिथला थर निघत नाही. हायपोक्लोराइट आणि ईडीटीएने धुवावे लागते. अल्ट्रासोनिक टिपने द्रव हलवला तर जास्त निघतो. तरीही कण न् कण निघेल अशी हमी कोणतीच पद्धत देत नाही. जोरही लावता येत नाही, कारण हायपोक्लोराइट मुळाच्या टोकाबाहेर गेले तर चेहरा सुजून भयंकर वेदना होतात.

आणि नेमके हेच काम घाईत आधी कापले जाते. राहिलेला पातळ थर एक्स-रेवर ओळखू येत नाही. त्याची घनता दातासारखीच दिसते. रजिस्टरमध्ये ‘किती रूट कॅनॉल झाले’ याचा रकाना असतो, धुण्यात किती मिनिटे गेली याचा नसतो. अल्ट्रासोनिक टिप ही चैन समजणाऱ्या खरेदी विभागाशी माझे म्हणूनच पटत नाही. एकाच बैठकीत रूट कॅनॉल करणे चूक नाही. योग्य दाताला ते चालते, आणि तिथे हे औषध भरलेलेच नसते. पण एकदा औषध भरले, की शेवटच्या बैठकीत ‘लवकर आटपा’ म्हणण्यात रुग्णाचाच तोटा आहे.

परवा एका मावशींना असेच दंत विभागात परत पाठवले. तासाभराने कुरकुरत आल्या, ‘डॉक्टर, नुसतं धूतच बसले हो!’

मी म्हटले, ‘बरं झालं. साखर तपासायला पुढच्या महिन्यात या.’